सिद्धूची मान आखडली आणि सचिन ओपनिंगला गेला : धंद्यात नशिबाचा वाटा किती?



बॅच कुठलीही असो, गाव कुठलंही असो, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर एक प्रश्न हमखास येतो. "सर, शेवटी नशीब लागतंच ना?" विचारणारा बहुतेक वेळा हसत विचारतो, पण त्या हसण्यामागे काहीतरी असतं. त्याच्या शेजारच्या गाळ्यात त्याच्यासारखाच माल विकणारा माणूस पुढे गेलेला असतो आणि हा तिथेच असतो.

या प्रश्नाची दोन उत्तरं तयार असतात. एक, "सगळं नशिबाचा खेळ आहे." दुसरं, "नशीब वगैरे काही नसतं, मेहनत करा." मला दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. पहिलं ऐकलं की माणूस हातपाय गाळतो. दुसरं त्याहून वाईट, कारण ज्याला यश मिळालं नाही तो मनाशी म्हणतो, "म्हणजे मीच कमी पडलो." दरवेळी तसं नसतं.

व्हिडिओत वेळ कमी होता म्हणून हा विषय दहा मिनिटांत गुंडाळला. इथे जरा निवांत बसू. उदाहरण सचिन तेंडुलकरचंच घेतो. घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे, मान्य. पण त्यातला एक दिवस बारकाईने बघितला तर त्यात धंद्याचं बरंच काही आहे.

ऑकलंडची सकाळ

तारीख २७ मार्च १९९४. भारताचा संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होता. ऑकलंडच्या ईडन पार्कवर वन-डे सामना. सलामीला नवज्योतसिंग सिद्धू जायचा. सकाळी उठला तर त्याची मान आखडलेली. खेळणं शक्यच नव्हतं.

आता त्या सकाळी सचिन कोण होता ते बघा. वय वीस, एकविसाव्याला महिना बाकी. टेस्टमध्ये ७ शतकं झालेली. संघाचा उपकर्णधार. पण वन-डेमध्ये? जवळपास सत्तर सामने खेळून झाले होते आणि शतक एकही नाही. कारण साधं आहे. तो चौथ्या-पाचव्या नंबरावर यायचा. तिथे येणाऱ्याच्या वाट्याला षटकं किती येतील हे वरच्या फलंदाजांवर अवलंबून. कधी आल्या आल्या पडझड सावरायची, कधी शेवटच्या पाच-सात षटकांत बॅट फिरवायची. दुकान चांगलं होतं, जागा चुकीची होती म्हणा.

सिद्धूची मान आखडल्यावर सचिन कर्णधार अझरुद्दीन आणि मॅनेजर अजित वाडेकर यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला ओपनिंगला पाठवा. त्याने पुढे अनेकदा सांगितलंय की त्याला अक्षरशः विनवण्या कराव्या लागल्या. त्या काळी वन-डेतली रीत अशी की नव्या चेंडूवर विकेट सांभाळायच्या आणि हाणामारी शेवटी. सचिनचं म्हणणं उलटं होतं: सुरुवातीलाच गोलंदाजांवर तुटून पडायचं. आणि सोबत एक वाक्य जोडलं, ज्यावर आज आपल्याला सगळ्यात जास्त बोलायचंय. एकदा संधी द्या, नाही जमलं तर पुन्हा मागायला येणार नाही.

न्यूझीलंडचा डाव १४२ धावांत आटोपला. सचिन अजय जडेजाबरोबर सलामीला उतरला आणि ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. १५ चौकार, २ षटकार. भारताने सामना चोविसाव्या षटकातच जिंकला. पुढच्या सामन्यात पुन्हा सचिनच सलामीला, ६३ धावा. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११०, म्हणजे वन-डेतलं पहिलं शतक. तो त्याचा ७९ वा सामना होता.

आता शेवटचा हिशोब बघा. कारकीर्द संपली तेव्हा वन-डेत ४९ शतकं होती. त्यातली ४५ सलामीला येऊन केलेली. एकूण १८,४२६ धावांपैकी १५ हजारांहून जास्त सलामीच्या.

म्हणजे एवढा मोठा डोंगर ज्या पायावर उभा राहिला त्या पायाचा पहिला दगड होता दुसऱ्या एका माणसाची आखडलेली मान. याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण मान सगळ्यांसाठीच आखडली होती

त्या सकाळी ड्रेसिंग रूममध्ये सचिन एकटा नव्हता. जागा रिकामी झाली ती सगळ्यांच्याच समोर. मागायला तो गेला.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण धंद्यात आपण नेमकं इथेच घसरतो. जागा रिकामी होणं हे नशीब. ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. सिद्धूने नेहमीची उशी वापरली असती तर कदाचित काहीच घडलं नसतं. (उशीचं मी गमतीने म्हणतोय, मान कशाने आखडली ते त्यालाच ठाऊक.) पण रिकाम्या जागेसाठी शब्द टाकणं नशिबात मोडत नाही. आणि तो शब्द कसा टाकला, यात तर शुद्ध व्यवहार आहे.

सचिनच्या मागणीचे तुकडे पाडून बघू. "मला कायमचा ओपनर करा" असं तो म्हणाला नाही. एक सामना मागितला. देणाऱ्याच्या मनातली भीती काय होती? आज याला पाठवलं आणि फसलं तर उद्या हा पुन्हा हट्ट धरणार, संघाची घडी विस्कटणार. ती भीती सचिनने स्वतःच बोलून काढून टाकली. फसलो तर विषय संपला. म्हणजे वाडेकर आणि अझरुद्दीन यांचा जास्तीत जास्त तोटा किती? एक सामना. फायदा झाला तर? त्याला मर्यादा नाही. असा सौदा समोर आला तर हुशार माणूस नाही म्हणत नाही.

आता आपलं बघा. आपण गिऱ्हाइकाकडे जातो आणि म्हणतो, "साहेब, वर्षभराचं काम आम्हाला द्या, सध्याच्या सप्लायरपेक्षा पाच टक्के स्वस्त देतो." समोरच्याच्या डोक्यात लगेच चक्र सुरू. जुना माणूस सोडला आणि हा नवा मध्येच टांग टाकून गेला तर? मालाची क्वालिटी घसरली तर? वरचा साहेब मलाच बोलेल. पाच टक्क्यांसाठी कोण हा ताप घेईल! तो म्हणतो, "बघू, कळवतो." ते "कळवतो" कधी येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्याऐवजी असं म्हणा: "साहेब, तुमचा नेहमीचा माणूस तुम्ही बदलू नका. पुढच्या महिन्यातल्या एखाद्या छोट्या कार्यक्रमाचे पन्नास डबे फक्त मला द्या. आवडलं नाही तर मी पुन्हा फोनही करणार नाही." मागणी छोटी, मुदत ठरलेली, बाहेर पडायचा रस्ता मोकळा. यात तुमची किंमत कमी होत नाही. समोरच्याचा धोका कमी होतो.

मात्र एक लक्षात असू द्या. सचिन हे बोलू शकला कारण तो संघात होता. रिकामी जागा दिसल्यावर मुंबईहून फोन करून कुणी ओपनिंग मागू शकत नव्हतं. धंद्यात "संघात असणं" म्हणजे काय? फार रुक्ष गोष्टी आहेत त्या. उद्यम नोंदणी, धंदा खाण्यापिण्याचा असेल तर एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन, धंद्याच्या नावाचं करंट अकाउंट, लागू असेल तर जीएसटी, छापील दरपत्रक, आणि माल किती दिवसांत किती देऊ शकता याचा खरा आकडा. ज्या दिवशी दुसऱ्याची मान आखडते त्या दिवशी समोरच्याला घाई असते. तुमचे कागद तयार होईपर्यंत तो थांबत नाही.

कल्पना हवेत होती

आणखी एक गोष्ट सांगतो, ती फार कमी लोक सांगतात. सचिनने जे केलं ते अगदी आकाशातून पडलेलं नव्हतं. दोन वर्षं आधी, १९९२ चा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. त्यात पहिल्या १५ षटकांत सर्कलबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवायचा नियम होता. न्यूझीलंडचा सलामीवीर जॉन राइट दुखापतीमुळे बाहेर बसला आणि त्याच्या जागी मार्क ग्रेटबॅच आला. त्याने पहिल्या चेंडूपासून मोकळ्या जागेत उंच फटके मारायला सुरुवात केली आणि त्या स्पर्धेत न्यूझीलंडला जोरदार सुरुवाती मिळत गेल्या. गंमत बघा, ग्रेटबॅचची ती पहिली खेळी याच ऑकलंडला झाली होती, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. आणि तिथेही दार उघडलं ते दुसऱ्याच्या दुखापतीनेच.

सांगायचं काय, तर बाजाराचे नियम बदलले की जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. तो मधला काळ नव्या माणसाचा. यूपीआय आलं तेव्हा पानटपरीवाल्यानेही क्यूआर कोड लावला, आणि "आमच्याकडे रोखच चालतं" म्हणणारी मोठी दुकानं नंतर जागी झाली. नियम कोणता बदललाय आणि त्यामुळे मैदानात मोकळी जागा कुठे झालीय, हे बघायची नजर नशिबाने मिळत नाही.

त्याआधीची दारं

ऑकलंडच्या दहा वर्षं आधीचा एक प्रसंग मला ऑकलंडपेक्षाही आवडतो. अकरा वर्षांचा सचिन भाऊ अजितबरोबर शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या शिबिरात गेला. सर समोर उभे राहून बघत होते, आणि पोरगा बावरला. धड खेळताच आलं नाही. सरांचं मत झालं की हा अजून लहान आहे, नंतर आणा. गोष्ट इथे संपली असती. पण अजितने सरांना विनंती केली: तो तुमच्यासमोर घाबरलाय, एकदा तुम्ही लांबून बघा, त्याला कळू न देता. सर बाजूला गेले, लांबून बघितलं, आणि सचिन शिबिरात आला.

पुन्हा तेच, बघा! मागणी छोटी, आणि देणाऱ्याला काहीच जात नाही. फक्त लांबून बघा. आणि इथे मागणारा सचिन नव्हता, त्याचा भाऊ होता.

हे नशीब आहे का? असा भाऊ मिळणं हे नशीबच. वांद्र्याच्या साहित्य सहवासात, प्राध्यापक आणि कवी असलेल्या वडिलांच्या घरी जन्म, मुलाने शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात जावं याला घरच्यांचा होकार, रोजची दगदग वाचावी म्हणून शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंनी पोराला घरी ठेवून घेणं... यातलं एकही सचिनने कमावलेलं नव्हतं. तितकीच गुणी पोरं ज्या गावात टर्फ विकेट नाही, ज्या घरात बॅटला पैसे नाहीत, तिथे असणारच. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. म्हणून "मी सगळं स्वतःच्या जोरावर केलं" असं कुणी स्टेजवरून सांगायला लागलं की मी जरा सावध होतो. त्याला विचारा, पहिली मशीन घ्यायला पैसे कुणी दिले? पहिल्या सहा महिन्यांत घरचा किराणा कुणाच्या पगारातून आला? बऱ्याचदा उत्तर निघतं, "बायकोची नोकरी होती." मग ते पण सांगा की!

आचरेकर सरांनी त्या पोराला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? तंत्र तर दिलंच. पण माझ्या मते सामने. स्कूटरवर मागे बसवून सर त्याला या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे. साठ दिवसांच्या उन्हाळी सुट्टीत ५५ सराव सामने खेळल्याचं सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय. आज शून्यावर आउट झालास? उद्या पुन्हा डाव आहे. हे धंद्याच्या भाषेत फार मोलाचं आहे, त्याच्या आकड्यांकडे आपण येऊच. पण आधी एका दुसऱ्या मुलाकडे वळू.

पॅड बांधून बसलेला मुलगा

फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. ही गोष्ट महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

त्या डावात पुढचा नंबर होता अमोल मुझुमदारचा. तो पॅड बांधून बसला होता. विकेट पडेना. तो बसूनच राहिला. डाव घोषित झाला, आणि त्याची बॅटिंग आलीच नाही.

नुसती गंमत म्हणून ही गोष्ट सांगतात, पण पुढचं ऐका. अमोल मुझुमदारने १९९३-९४ च्या हंगामात हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो त्या वेळचा जागतिक विक्रम. म्हणजे ज्या हंगामाच्या शेवटी सचिनला ऑकलंडला ओपनिंग मिळाली, त्याच हंगामात. पुढे त्याने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून जास्त धावा केल्या, ३० शतकं. मुंबईला त्याच्या कप्तानीखाली २००६-०७ ची रणजी मिळाली. भारताकडून सामने किती? एकही नाही. कारण भारताच्या मधल्या फळीत त्या काळात द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण होते. जागा रिकामीच होईना.

पद्माकर शिवलकर यांचंही तेच. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, तो विक्रमच आहे. दोघांपैकी एकानेही टेस्ट खेळली नाही, कारण त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. गोयल यांच्या बाबतीत तर १९७४ मध्ये बेंगळुरूच्या टेस्टला बेदी संघात नव्हते, गोयल यांना बोलावणं आलं, आणि तरीही अकरा जणांत नाव आलं नाही. मान आखडली, मागणी होती, तयारी तर अशी की विचारू नका. तरी नाही.

म्हणून "संधी तयारीवाल्याला मिळतेच" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यासमोर गोयल यांचा आकडा ठेवा. तयारी ही संधी मिळण्याची हमी नव्हे. तयारी नसेल तर मिळालेली संधी वाया जाते, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

धंद्यात याचा अर्थ काय? एखाद्या गल्लीत, एखाद्या मालात, बेदी आधीच बसलेला असतो. त्याचा माल चांगला, दर चांगला, लोकांचा विश्वास त्याच्यावर. तिथे तुम्ही वाईट नसता, फक्त जागा नसते. क्रिकेटपटूला देश बदलता येत नव्हता, पण तुम्हाला गल्ली बदलता येते. शहर बदलता येतं, किरकोळ सोडून ठोक करता येतं, तोच माल ऑफिसांना देता येतो. खेळाडूपेक्षा व्यापाऱ्याचं नशीब या एका बाबतीत बरं आहे, आणि आपण ते वापरत नाही. "आमचा वडिलोपार्जित चौक आहे" म्हणून तिथेच पॅड बांधून बसतो.

मुझुमदारची गोष्ट मात्र इथे संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनलच्या तोंडावर सलामीची प्रतिका रावल जखमी झाली. मूळ संघात नाव नसलेल्या शफाली वर्माला बोलावणं आलं. ती तेव्हा देशातल्या स्पर्धेत खेळत होती, घरी बसलेली नव्हती. सेमीफायनलमध्ये तिच्या फक्त १० धावा झाल्या. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. शफालीच्या ८७ धावा आणि २ बळी. सामन्याची मानकरी तीच, आणि भारत पहिल्यांदा महिलांचा वर्ल्ड कप जिंकला. प्रतिका त्या जल्लोषात व्हीलचेअरवर होती.

एकाची संधी ही बऱ्याचदा दुसऱ्याची दुखापत असते. त्यामुळे मिळालेल्या संधीचा फार तोरा मिरवू नये असं मला वाटतं. सिद्धूचं तसं नुकसान झालं नाही. १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध बेंगळुरूला तो सचिनबरोबरच सलामीला आला आणि ९३ धावा काढल्या. पण दरवेळी असं होत नाही.

आता वही-पेन घ्या

समजा, तुम्ही उकडीचे मोदक करता आणि मिठाईच्या दुकानांना पुरवायचेत. प्रत्येक दुकानाकडे आधीच कुणीतरी मोदकवाली ताई आहे. तुम्ही पंचवीस मोदकांचा एक नमुना डबा देता. एका मोदकाला १२ रुपये खर्च धरला तर ३०० रुपये, डबा ५०, रिक्षा १००. एक प्रयत्न ४५० रुपयांना पडला.

समजा, एका दुकानाने होकार द्यायची शक्यता दहात एक आहे. एका दुकानात जाऊन थांबलात तर ९० टक्के वेळा रिकाम्या हाताने परत याल आणि म्हणाल, "माझं नशीबच नाही." दहा दुकानांत गेलात तर निदान एक होकार मिळण्याची शक्यता होते सुमारे ६५ टक्के. वीस दुकानांत गेलात तर सुमारे ८८ टक्के. वीस दुकानांचा खर्च ९,००० रुपये. मोदक तेच, हात तोच, नशीबही तेच. फक्त डाव वाढले. आचरेकर सरांची स्कूटर म्हणजे हेच.

आता दुसरा माणूस बघा. त्याने सुरुवातीलाच लाख रुपये डिपॉझिट भरून, महिना १५,००० भाड्याने गाळा घेतला, बायकोचे दागिने गहाण ठेवले. त्याला डाव किती मिळाले? एकच. त्यात पहिल्याच चेंडूवर विकेट गेली तर? सचिन त्याच्या पहिल्या वन-डेत शून्यावर आउट झाला होता, गुजरांवाला, डिसेंबर १९८९. त्याला पुढचे डाव मिळाले. गहाणवाल्याला मिळत नाहीत. ज्याच्या धंद्याला दहा शून्यं सोसतात त्याला नशीब कमी लागतं. ज्याला एकही शून्य सोसत नाही, त्याला सगळं नशीबच लागतं.

पण नमुना देऊन आलात की काम संपलं असं नाही. वीस जणांनी नाही म्हटलं तरी त्यांची यादी जपून ठेवा. आषाढात चव दाखवून ठेवली असेल तर भाद्रपदात, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, जेव्हा त्यांच्या नेहमीच्या ताईंचा हात भाजतो किंवा घरी सुतक येतं, तेव्हा दुकानदाराला कुणाचा नंबर आठवेल? ज्याने चव घेतलीय त्याचाच. चतुर्थीच्या दिवशी ओळख करून घ्यायला त्याला वेळ नसतो. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी एक साधा मेसेज टाका. विनवणी नको, रोजचे गुड मॉर्निंग तर नकोच. "या महिन्यात एवढी क्षमता आहे, ऐन वेळी लागलं तर सांगा," एवढंच.

आणि तो फोन आल्यावर आकडा खरा सांगा. दोनशे जमत असतील तर पाचशेला हो म्हणू नका. मिळालेला एकमेव सामना खोट्या आकड्याने घालवणारे मी बरेच बघितलेत.

अजून एक सवय लावून घ्या. प्रत्येक ऑर्डर मिळाली किंवा हुकली की वहीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, मी काय ठरवलं आणि का. दुसऱ्या ओळीत, माझ्या हाताबाहेरचं काय घडलं. ऑकलंडला सचिन ४ धावांवर झेलबाद झाला असता तर मागणी चुकीची ठरली असती का? अजिबात नाही. मागणी तितकीच शहाणपणाची राहिली असती, निकाल फक्त उलटा लागला असता. आणि सिद्धूची मान सुटल्यावर सचिन पुन्हा चौथ्या-पाचव्या नंबरावर गेला असता. आपण निकाल बघून निर्णयाला शिव्या घालतो किंवा डोक्यावर घेतो. पावसाने स्टॉल बुडाला म्हणून चांगली कल्पना टाकून देतो, आणि एका लग्नसराईत तुंबळ विक्री झाली म्हणून दुसरा गाळा घेऊन बसतो. दोन ओळी वेगळ्या लिहिल्या की सहा महिन्यांनी वही उघडून बघता येतं, आपलं किती आणि पावसाचं किती.

या आठवड्याचं काम: तुमच्या मालाला लागू पडतील अशा वीस गिऱ्हाइकांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, त्याचा सध्याचा "सिद्धू" कोण आहे आणि त्याच्याकडे तुमचा एक सामना किती छोटा करून मागता येईल. एका प्रयत्नाचा खर्च रुपयांत काढा, रिक्षासकट. तो आकडा वीसने गुणल्यावर घाम फुटत असेल तर नमुना लहान करा, यादी लहान करू नका. पुढच्या मंगळवारच्या व्हिडिओत ट्रायल ऑर्डरचं बिल कसं करायचं आणि कुठली ऑर्डर फुकट द्यायची नाही, ते घेऊ.